पोराची साक्ष

आपल्याकडच्या वाङ्मयीन समीक्षेला एक जुनी खोड आहे. 'मी' म्हणून बोलणारा माणूस पुढे आला की ती आधी त्याची उलटतपासणी घेते. हे खरे कशावरून? मघाशी एक बोललास, आता दुसरेच बोलतोस, ते का? १९७८ साली 'बलुतं' आले, त्यामागोमाग आत्मकथनांची रीघ लागली, तेव्हा पांढरपेशा समीक्षकांपैकी अनेकांनी हाच सूर लावला. आपल्या लेखकांनी त्याला एकच उत्तर दिले : सगळे खरे आहे, शब्दन् शब्द खरा आहे. त्या काळी ते उत्तर द्यावेच लागले. पण त्या भांडणात एक गोष्ट हातची निसटली. साक्षीदार आणि पात्र यांतला फरक धूसर झाला. साक्षीदाराने सरळ, एका रेषेत, आधीच्या जबाबाला धरून बोलावे अशी अपेक्षा असते. पात्र तसे बोलू लागले की समजावे, लेखकाने त्याला पढवले आहे.

कुमारवयाचा निवेदक हा या बाबतीत सर्वांत अडचणीचा. वय तेरा ते अठरा. त्याच्या तोंडात घरचा शब्द असतो, शाळेचा असतो, सिनेमाचा असतो; स्वतःचा शब्द अजून घडायचा असतो. मला कुणाची पर्वा नाही असे तो म्हणतो आणि लगेच कोण आपल्याला काय म्हणाले याची तारीखवार यादी देतो. मी रडलो नाही म्हणतो आणि पुढच्या वाक्यात तोंड धुवायला आडावर जातो. मोठ्या माणसाने असे केले तर आपण त्याला खोटारडा म्हणू. पोराच्या बाबतीत मात्र थांबून विचार करावा लागतो. माझे म्हणणे असे की त्याचा स्वभाव कळतो तो या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत. आणि केवळ त्याचाच स्वभाव नव्हे. पहिले वाक्य त्याच्या तोंडून कोण वदवून घेत आहे, तेही तिथेच कळते. दलित आणि आदिवासी पोरांच्या बाबतीत हा मुद्दा कादंबरीपुरता राहत नाही, म्हणून तो इथे मांडते आहे.

मी जव्हारला महाविद्यालयात मराठी शिकवते. घरातली पहिली पदवीधर. १९४८ पर्यंत जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान होते. पुढे ते ठाणे जिल्ह्यात आले आणि १ ऑगस्ट २०१४ पासून जव्हार व मोखाडा हे दोन्ही तालुके पालघर जिल्ह्यात आहेत. मुंबईचे पर्यटक राजवाडा आणि धबधबे पाहून जातात. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी असा हा मुलूख. आमची बौद्धांची घरे मोजकीच. भात, नागली, वरई हातात आली, दिवाळी झाली की मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. होळीला मात्र शक्यतो घरी यायचे. माझ्या वर्गातली बहुसंख्य मुले आश्रमशाळांतून आलेली. त्यांच्या घरात बारावीपर्यंत पोचलेली तीच पहिली.

प्रथम वर्षाच्या मुलांकडून मी स्वतःविषयी दोन पाने लिहून घेते. एका मुलाने लिहिले की आमचे कुटुंब भट्टीवर जात नाही. दहा-बारा ओळींनंतर गारा कसा मळायचा, साच्याला आधी रेती का लावायची, ओल्या विटा कोणत्या उन्हात उभ्या करायच्या म्हणजे त्या तडकत नाहीत, हे त्याने इतके बारकाईने लिहिले होते की हात मातीत गेल्याशिवाय ते लिहिता येणार नाही. याच मुलाने एके ठिकाणी 'बापूस' लिहून ते खोडले होते आणि वर 'वडील' केले होते. पेपर तपासणारा मास्तर अशा लेखनाखाली 'विसंगत' असा शेरा मारतो. सर्वेक्षणाला आलेला कर्मचारी त्या घरापुढे 'स्थलांतर नाही' अशी खूण करतो. दोघेही पहिल्या वाक्याशी थांबतात. पहिले वाक्य वर्गासाठी लिहिलेले आहे. भट्टीवाल्याचा पोर म्हणून शाळेत जे ऐकून घेतले त्याला दिलेले ते उत्तर आहे. दुसरा भाग हाताने लिहिला. मुलगा आहे तो या दोन्हींत मिळून.

मराठीत कुमारवयाचा असा आवाज पहिल्यांदा छापून आला तो एका मुलीचा. १८५५ साली, फेब्रुवारी आणि मार्च महिन्यांत, 'ज्ञानोदय' पत्रात मुक्ता साळवे हिचा निबंध दोन भागांत प्रसिद्ध झाला. मुक्ता मांग समाजातली, जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली विद्यार्थिनी, वय चौदा. हा निबंध आहे, कथा नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण निवेदकाचा आवाज कसा ऐकावा हे शिकायला यासारखा दुसरा मजकूर आपल्याकडे नाही. सुरुवातीला ही मुलगी स्वतःला दीन म्हणवते, आपल्या लोकांना पशूहूनही नीच लेखलेले म्हणते, आवाज अगदी खाली. आणि त्याच लहानशा आवाजात ती विचारू लागते की वेद जर ब्राह्मणांचेच असतील तर आम्ही धर्मपुस्तकाविना आहोत. मग आमचा धर्म कोणता, ते देवा तूच सांग. सुरुवातीची हात जोडून उभी राहिलेली मुलगी आणि ही वकिली करणारी मुलगी एकच. पेशवाईतले अत्याचार ती सांगते, इंग्रजी राज्याचे गुण गाते, आणि ब्राह्मणांचे पाहून महारही आम्हा मांगांना कमी लेखतात, हे सांगायलाही कचरत नाही. निबंध मांग-महार दोघांच्या दुःखाचा. त्यात ही तक्रार कशाला, असे एखाद्या शिस्तप्रिय कार्यकर्त्याला वाटेल. मला वाटते, मुक्ता नावाची व्यक्ती आपल्याला भेटते ती इथेच. बाकीचे कदाचित कुणी हुशार प्रौढ माणसाने लिहूनही दिले असते. एकजूट हवी असताना घरातला सल बोलून टाकणे, हे चौदा वर्षांच्या मुलीचे आहे.

इंग्रजी राज्याची तिने केलेली स्तुती वाचून आजचे विद्यार्थी अडखळतात. अडखळावेच. पण 'ज्ञानोदय' हे मिशनऱ्यांचे पत्र होते, शाळेला बक्षीस द्यायला साहेब येत होते. पोराचे बोलणे वाचताना ते कुणापुढे चालले आहे, हे पाहिल्याशिवाय एक ओळही पुढे जाऊ नये. मुक्ता साहेबापुढे बोलते आहे. म्हणून ती खोटे बोलते असे नाही, तिच्या आधीच्या पिढ्यांनी काय भोगले ते तिने ऐकलेले होते. एकाच वाक्यात कृतज्ञताही आहे आणि हिशेबही.

कथेच्या क्षेत्रात हा आवाज जगाला ज्याने ऐकवला तो अमेरिकन लेखक मार्क ट्वेन. 'हकलबरी फिन' इंग्लंडात १८८४ च्या अखेरीस आणि अमेरिकेत १८८५ मध्ये निघाली. अमेरिकेतली गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्याने संपली होती, पण कादंबरीचा काळ त्याआधीचा आहे. हक हा तेरा-चौदा वर्षांचा उनाड गोरा पोरगा. दारुड्या बापाच्या तावडीतून निसटलेला. त्याच्याबरोबर तराफ्यावरून जिम नावाचा काळा गुलाम पळतो आहे. पुढे जिम पकडला जातो, तेव्हा हकला त्याची सदसद्विवेकबुद्धी टोचू लागते. आणि ती त्याला काय सांगते? गुलामाला पळून जायला मदत करणे म्हणजे मालकिणीची चोरी, हे पाप आहे, याने नरक मिळेल. तो जिमच्या मालकिणीला पत्र लिहितो, जिमचा ठावठिकाणा कळवतो, आणि लिहून झाल्यावर त्याला स्वच्छ, पुण्यवान वाटते. मग त्याला नदीवरच्या रात्री आठवतात. जिमने त्याची पहाऱ्याची पाळीही स्वतः केली होती, याला झोपू दिले होते. हक पत्र फाडतो आणि आपण आता नरकात जाणार असे स्वतःला बजावतो.

हा प्रसंग मी दर वर्षी वर्गात सांगते. हक शेवटपर्यंत स्वतःला वाईटच समजतो. गुलामगिरी अन्यायाची आहे असे त्याच्या तोंडून एकदाही येत नाही. कारण तसे म्हणायला लागणारा शब्द त्याला कुणी दिलेलाच नाही. धर्म, शाळा, शेजारपाजार, सगळ्यांनी दिलेले शब्द मालकाच्या बाजूचे आहेत. त्याच्याजवळ स्वतःचा असा फक्त अनुभव आहे, आणि तो अनुभव शब्दांच्या उलट दिशेला खेचतो. आपल्या समाजातही सदसद्विवेकबुद्धी नावाची गोष्ट जातीने घडवलेली असते. शिवले म्हणून घरी जाऊन अंघोळ करणाऱ्या मुलाला आपण पुण्य केले असेच वाटत असते. अंघोळ न करणाऱ्या मुलाला आपण पापी आहोत असे वाटले, तर ते त्याच्या तोंडचे वाक्य कथेत तसेच ठेवायला हवे. लेखकाने घाई करून त्याच्या तोंडी समतेचे भाषण घातले की त्याने काय मोडले ते वाचकाला कळतच नाही.

अर्थात या कादंबरीत बोलायला मिळते ते हकला. जिमला नाही. ही उणीव भरायला एकशे चाळीस वर्षे लागली. पर्सिव्हल एव्हरेट या काळ्या लेखकाने २०२४ साली 'जेम्स' ही कादंबरी लिहिली, तिला २०२५ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. तिच्यात तोच जिम स्वतः बोलतो, आणि कळते की त्याला दोन भाषा येतात. गोऱ्यांपुढे मोडकीतोडकी, वेडगळ; आपल्या माणसांत शुद्ध आणि तल्लख. ती मोडकी भाषा तो मुलांना मुद्दाम शिकवतो, जीव वाचावा म्हणून. हकची विसंगती नकळत घडलेली, जिमची कमावलेली. आपल्या पोरांच्या बोलण्यात या दोन्ही असतात, आणि कोणती कुठली हे ओळखणे फार कठीण.

१९५१ साली आलेल्या सॅलिंजरच्या 'द कॅचर इन द राय'चा पुष्कळ गवगवा झाला. होल्डन कॉलफील्ड सगळ्यांना ढोंगी म्हणतो आणि स्वतः वाटेल तिथे थापा मारतो. सिनेमाचा तिटकारा सांगतो आणि सिनेमाला जाऊन बसतो. मेलेल्या धाकट्या भावाविषयी बोलताना मात्र त्याचा आवाज बदलतो. आपल्याकडे १९६३ मध्ये 'कोसला' आली तेव्हा तिची या कादंबरीशी तुलना झाली, अजूनही होते. पांडुरंग सांगवीकर बोलतो तेव्हा पंचवीस वर्षांचा आहे, पण सांगतो ते सगळे त्याआधीचे. कशातच काही अर्थ नाही असा त्याचा एकूण नूर. मग लहान बहीण मनी देवीच्या रोगाने जाते, आणि त्या पानांवर त्याची तुसडी भाषा गळून पडते. नेमाड्यांनी मराठी गद्याला मोकळे केले याबद्दल वाद नाही. पण सांगवीकराची विसंगती निभावते, कारण घरी शेती आहे आणि वडिलांचे पैसे येत आहेत. वर्षे वाया घालवण्याची मुभा त्याला आहे. ज्याची शिष्यवृत्ती एका नापासाने बंद होते त्याला ती नसते.

त्याच १९६३ साली बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह आला. ही दोन पुस्तके एकाच वर्षाची, हे आमच्या अभ्यासक्रमात कुणी शेजारी ठेवून दाखवत नाही. शीर्षककथेचा निवेदक कुमार नव्हे, तरुण आहे. पण त्याच्या बोलण्यात पोरवयाची सारी उमेद आहे. नोकरीच्या परक्या गावी तो नव्या देशाविषयी, नव्या माणसाविषयी छाती फुगवून बोलतो आणि जात लपवून राहतो. दोन्ही एकाच वेळी. त्याच्यासमोर काशीनाथ आहे, जात उघड सांगून छातीवर घाव झेलायला तयार असलेला. काशीनाथ आपल्याला आवडतो, घोषणा द्यावीशी वाटते. पण कथा बागुलांनी काशीनाथाच्या तोंडी दिली नाही. ती दिली घाबरलेल्या, स्वप्ने पाहणाऱ्या, खोटे नाव न घेताही खोटे जगणाऱ्या माणसाला. शेवटी तो मार खातो, तेव्हाही मारणाऱ्यांवर राग धरत नाही, मनूने मारले असे समजतो. हा समंजसपणा की आणखी एक लपणे? मी ही कथा अनेकदा वाचली आहे, आणि दर वेळी माझे उत्तर बदलते. विसंगत निवेदकाला इथे केवढी किंमत मोजावी लागते ते पाहावे. सांगवीकर विसंगत बोलला तर लोक त्याला विक्षिप्त म्हणतील. याचे उघडे पडले तर हाडे मोडतील.

आत्मकथनांत हा दुहेरी आवाज दया पवारांनी सर्वांत उघडपणे हाताळला. 'बलुतं'मध्ये दगडू मारुती पवार बोलतो आणि दया पवार ऐकतो. शिकलेला, पांढरे कपडे घालणारा माणूस आणि त्याच्या आतला गावकुसाबाहेरचा पोर, हे दोघे एकमेकांना पुरते ओळखत नाहीत, थोडे लाजतातही. ही मांडणी म्हणजे नुसती क्लृप्ती नव्हे. मोठेपणी लिहिताना पोराला गप्प बसवायचे नाही, याची ती व्यवस्था आहे. शरणकुमार लिंबाळे यांनी तिशीच्या आत 'अक्करमाशी' (१९८४) लिहिले. त्यातला मुलगा आपल्या जन्माबद्दल आईला दोष देतो आणि जगाने आईवर ठेवलेल्या ठपक्याविरुद्ध तोच उभा राहतो. हा राग आणि ही माया वेगळी काढता येत नाही. बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आले. त्यात 'आम्ही' बोलते, अख्खी वस्ती बोलते. पण मुलगी शोधायला गेले तर ती त्या 'आम्ही'च्या पदराआड जाते. स्वतःच्या संसारातला मार बेबीताईंनी पुस्तकात सांगितला नाही, तो पुढे मुलाखतीत सांगितला. 'मी' आणि 'आम्ही' यांच्या सीमेवर जिथे आवाज सांधा बदलतो तिथे कान द्यावा, हे मला या पुस्तकाने शिकवले.

त्यानंतर मात्र ही वाट पुष्कळांनी सपाट केली. नंतरच्या कितीतरी आत्मकथनांत दहा-बारा वर्षांचा मुलगा शाळेच्या पायरीवर उभा राहून समाजव्यवस्थेचे विश्लेषण करतो. त्याला कधी सवर्ण मित्रासारखे व्हावेसे वाटत नाही, कधी आपल्या आईच्या लुगड्याची लाज वाटत नाही, पाटलाच्या पोराने क्रिकेटमध्ये घेतले म्हणून आनंद होत नाही. हे सगळे त्याला वाटले असणारच. लेखकाला आता चळवळीतल्या वाचकापुढे ते सांगायचा संकोच वाटतो. हे लिहिताना काही स्नेही रागावतील याची कल्पना आहे. पण व्यवस्था पोराच्या आत किती खोल गेली होती याचा पुरावा त्या लाजेत होता. तोच आपण पुसून टाकत आहोत.

मोठ्या माणसाचा हात न लागलेला पौगंडावस्थेतला निवेदक मराठीत सर्वाधिक लोकप्रिय झाला तो मिलिंद बोकील यांच्या 'शाळा' (२००४) मध्ये. मुकुंद जोशी नववीत आहे, काळ आणीबाणीचा. शाळेला शिव्या घालणारा हा मुलगा शाळेवाचून एक दिवस राहू शकत नाही. मित्रांत फुशारक्या मारतो आणि शिरोडकर समोर आली की याची वाचा बसते. बोकिलांनी कुठेही मध्ये येऊन समजावून सांगितलेले नाही. माझ्या विद्यार्थ्यांना ही कादंबरी आवडते, मलाही आवडते. आश्रमशाळेत शिकलेला मुलगा मुकुंदाच्या घालमेलीत स्वतःला पाहतो, यात काही खोटे नाही.

पण त्याच आणीबाणीत, ऑक्टोबर १९७५ मध्ये, वेठबिगारी बंद करणारा वटहुकूम निघाला. १९७६ मध्ये त्याचा कायदा झाला. ठाणे जिल्ह्याच्या डोंगरपट्टीत त्याचा अर्थ फार मोठा होता. लग्नासाठी कर्ज घेऊन नवराबायकोने सावकाराकडे राबायचे, त्याला लग्नगडी म्हणत. उंबरगाव-डहाणूकडच्या वारल्यांनी १९४५ मध्ये लाल बावट्याखाली त्याविरुद्ध उठाव केला होता. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) मध्ये तो इतिहास आहे आणि तो वाचल्याशिवाय या भागात शिकवायला येऊ नये असे माझे मत आहे. मात्र त्या पुस्तकात आवाज गोदाराणीचा आहे. वारली पोर तिथे दिसते, तिच्या डोळ्यांनी. मुकुंद नववीत होता त्या वर्षी इथल्या एखाद्या वाड्यावर गुरे राखणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलालाही कुणीतरी आवडत असणारच, तोही थापा मारत असणार.

आणखी एक गोष्ट नोंदवते. याच बोकिलांनी कातकऱ्यांवर 'कातकरी : विकास की विस्थापन?' हे अभ्यासाचे पुस्तक लिहिले आहे, आणि ते तळमळीने केलेले काम आहे. म्हणजे एकाच लेखणीतून जोशांच्या मुलाला कादंबरी मिळाली आणि कातकऱ्याच्या मुलाला अहवाल. हा दोष बोकिलांचा नव्हे; परक्याचा 'मी' उचलून बोलू नये, हा संयमही त्यात असेल. दोष वाङ्मयातल्या श्रमविभागणीचा आहे. मध्यमवर्गीय मुलाला स्वभाव असतो, आदिवासी मुलाला समस्या असते. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी भागात बालके दगावली, तेव्हा राज्यभरच्या वर्तमानपत्रांत हा भाग झळकला. वजने छापली गेली, टक्केवारी छापली गेली, मंत्री येऊन गेले. दगावलेल्या भावाला काखेत घेऊन हिंडलेल्या तेरा वर्षांच्या बहिणीला त्याचा कधी कंटाळाही आला असेल, आणि तो गेल्यावर त्या कंटाळ्याचे तिने काय केले असेल, हे कोणत्याच रकान्यात मावणारे नव्हते.

आता मूळ मुद्द्यावर येते. विसंगत बोलणे ऐकण्याची सवय नसली की काय होते ते मी जवळून पाहिले आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका वसतिगृहात मुलींनी जेवणाविषयी तक्रार केली. चौकशी झाली. एका मुलीचे दोन जबाब कागदावर आले. पहिला, वसतिगृहातच घेतलेला : जेवण चांगले असते, पोटभर मिळते, भात पुन्हा मागितला तरी कुणी ओरडत नाही. दुसरा, नंतर घरी घेतलेला : डाळ म्हणजे पाणी, भातात किडे. अहवालात लिहिले गेले की जबाब परस्परविरोधी असल्याने तक्रारीत तथ्य आढळले नाही. तिच्या वतीने अर्ज लिहायला मी बसले होते, म्हणून दोन्ही कागद माझ्या हातात आले. पहिला जबाब पुन्हा वाचावा. ओरडण्याविषयी तिला कुणी काही विचारलेले नव्हते. न विचारलेल्या गोष्टीचा तिने आपण होऊन इन्कार केला. भात मागितला की काय होते, ते त्या इन्कारात लिहिलेले आहे. आणि जबाब घेताना दारात कोण उभे असेल, त्याचाही अंदाज येतो. दुसऱ्या जबाबाची गरजच नव्हती. अर्जात आम्ही नेमके हेच मांडले, पहिल्या जबाबाला चिकटून. अधिकारी नवे आले होते, त्यांनी दोनदा वाचले आणि पुन्हा चौकशी लावली. तीत स्वयंपाकघरात फरक पडला, पुरता नाही.

कथा लिहिणाऱ्या मुलामुलींना मी हल्ली एवढेच सांगते की निवेदकाला पोर ठेवायचे असेल तर त्याला स्वतःविषयी चुकू द्या. त्याला न समजलेले वाचकाला समजेल, एवढा विश्वास वाचकावर ठेवा. घरचा शब्द आला तर खोडू नका. खोडलाच तर खोडलेला दिसू द्या.

मागच्या वर्षीच्या भित्तिपत्रकात मोखाड्याकडच्या एका विद्यार्थिनीची कथा होती. निवेदक पंधरा वर्षांची मुलगी, भट्टीवर आलेली. पहिलेच वाक्य असे की बोहाडा हा म्हाताऱ्यांचा खेळ आहे, त्यात तिला काही गोडी नाही. मग पुढची दोन पाने ती गावातला बोहाडा सांगते. रात्री उशिरा गणपती कसा येतो, शारदेमागून कोण येते, कोणता मुखवटा किती जड, तो डोक्याला बांधताना खाली कोणते फडके घालतात, कोणत्या सोंगाच्या वेळी लहान पोरे आईच्या पाठीमागे लपतात. मुखवटे घराण्यांकडे वाटून दिलेले असतात. तिच्या बापाकडे राक्षसाचे सोंग आहे. या वर्षी उचल फिटलेली नाही, शेठ सोडत नाही, म्हणून बापाचे सोंग चुलता घेणार. चुलत्याला तो मुखवटा सैल होतो, हे ती तीनदा सांगते. बापाविषयी एक ओळही नाही. तो विटा रचतो आहे, एवढेच.

भित्तिपत्रकाच्या मंडळात या कथेवर वाद झाला. पहिले वाक्य पुढच्या मजकुराशी जुळत नाही, ते काढा, असे दोघातिघांचे म्हणणे. लेखिका तशी अबोल मुलगी. ती म्हणाली की वाक्य काढायचे असेल तर कथाच काढा, कारण भट्टीवर तिला सगळे विचारत होते, तू का रडतेस म्हणून. कथेत रडण्याचा उल्लेख कुठेच नव्हता. मग मंडळातल्या एकाने सुवाच्य अक्षरात ती उतरवून घेतली, पहिल्या वाक्यासकट, आणि ग्रंथालयाच्या दाराशेजारी लावली. पावसाळ्यात तिथली भिंत ओली होते, म्हणून कागद या खेपेला प्लॅस्टिकमध्ये घातले होते.